फ्रोसोचं तुर्लू

ग्रीस नावाच्या देशात, निळ्याशार समुद्रात एक बेट होतं. इतकं इवलुसं की नकाशावर बोट ठेवलं तर अख्खं बोटाखाली झाकून जाईल. तिथली घरं पांढरीशुभ्र, दारं निळी, आणि डोंगरभर ऑलिव्हची झाडं. त्या झाडांची पानं वरून हिरवी, खालून चंदेरी. त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की सगळा डोंगर लुकलुक लुकलुक करायचा.

सगळ्यात वरच्या घरात फ्रोसो राहायची. तिची आई मागच्याच हिवाळ्यात देवाघरी गेली होती. बाबा मोठ्या जहाजावर खलाशी, ते थंडी पडल्यावर परत येणार. तोवर घरात फ्रोसो आणि तिचा धाकटा भाऊ लाकी, एवढीच दोघं. लाकीचे केस कुरळे आणि गाल गोबरे होते. म्हणजे पूर्वी गोबरे होते, आता पार बसले होते. कारण फ्रोसोला झाडलोट यायची, धुणं यायचं, शेळीचं दूधही काढता यायचं, पण स्वयंपाक काही केल्या जमायचा नाही. ती भांडंभर पाणी ओतायची, दर घटकेला झाकण उघडून बघायची आणि पळीने ढवळ ढवळ ढवळायची.

"ताई, आज पण भाजी पोहतेय," लाकी हळूच म्हणायचा आणि कोरडा पाव कुरतडत बसायचा. फ्रोसोला फार वाईट वाटायचं.

एके सकाळी शेजारच्या बेटावरून मारिगो आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, आणि आवाज असा की ती बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्याही गप्प बसत. तिने लाकीचं मनगट हातात धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पोराची नुसती हाडं राहिली आहेत," आत्या म्हणाली. "मी याला घेऊन जाते. संध्याकाळच्या बोटीने."

फ्रोसोने लाकीला जवळ ओढलं. "नको ना आत्या. मी शिकेन स्वयंपाक."

"आणि तू शिकेपर्यंत याने काय खायचं, वारा?"

"आजच शिकते," फ्रोसो म्हणाली. मान ताठ होती.

आत्याने लाकीचं मनगट सोडलं. "बरं. तुझी आई तुर्लू करायची. संध्याकाळपर्यंत तसं तुर्लू करून दाखव. जमलं तर लाकी इथे राहील. नाही जमलं, तर हट्ट करायचा नाही." मग तिने लाकीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आणि बोटीची चौकशी करायला ती बंदरावर गेली.

आता तुर्लू म्हणजे काय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात मळ्यात जे जे पिकेल, ते ते एका भांड्यात घालून शिजवायचं. वांगं, बटाटा, भेंडी, कांदा, टोमॅटो, आणि झुकिनी नावाची काकडीसारखी दिसणारी एक कोवळी भाजी. ऐकायला किती सोपं. पण सोप्या भाज्याच माणसाची जास्त फजिती करतात.

फ्रोसोने तेलाची बरणी पाहिली. ती कोरडी ठणठणीत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते बाहीने पुसून टाकलं. "कांदा चिरताना रडायचंच आहे, आत्तापासून कशाला," असं स्वतःला बजावून ती टोपली घेऊन मळ्यात गेली.

मळा घरामागेच होता, सतरंजीएवढा. जांभळी जांभळी वांगी उन्हात चमकत होती. लालचुटुक टोमॅटो पानांआडून डोकावत होते. भेंडीची बोटं वर आकाशाकडे दाखवत होती. आणि झुकिनीच्या वेलावर सोनपिवळी फुलं होती. ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की घट्ट मिटून घेतात. फ्रोसो एक झुकिनी तोडणार, एवढ्यात तिच्या टोकाच्या मिटलेल्या फुलातून कुणीतरी म्हणालं, "अगं, जरा हळू."

फ्रोसो दचकली. फूल थरथरत होतं. आत काहीतरी मिणमिणत होतं.

"मला झोप लागली आणि फूल मिटलं," आवाज म्हणाला. "आता बाहेर पडता येत नाहीये. पण फूल फाडू नकोस हं. माझे पंख त्याला चिकटले आहेत."

फ्रोसोला खरं तर फार घाई होती. सूर्य भराभर वर चढत होता. तरी ती वेलापाशी मांडी घालून बसली आणि मिटलेल्या पाकळ्यांवर हलकी हलकी फुंकर घालू लागली. एक पाकळी सुटली. मग जरा वेळाने दुसरी. गाल दुखायला लागले तरी ती थांबली नाही. शेवटची पाकळी उलगडली आणि आतून निघाली एक चिमुकली परी, करंगळीएवढी. अंगभर पिवळे पराग लागलेले, जणू बाईसाहेब हळदीत लोळून आल्या होत्या. तिने पंख झटकले तसा सगळ्या मळ्यावर सोनेरी चुरा भुरभुरला.

"गोड मुली," परी म्हणाली, "तू माझे पंख वाचवलेस. माग, तुला दोन इच्छा देते."

"गोष्टीत तर तीन असतात," फ्रोसो चाचरत म्हणाली.

"पूर्वी असायच्या. पण लोक पहिल्या दोनांत घोळ घालायचे आणि तिसरी तो निस्तरण्यात घालवायचे. म्हणून आम्ही ती बंदच केली." परी टोमॅटोच्या पानावर बसली. "माझे नियम ऐक. जे मागशील ते तुझ्या मुठीत मावलं पाहिजे. आणि परीचं देणं फार लाजाळू असतं. ते ज्या भांड्यात जाईल त्याचं झाकण एकदा लावलं की पुन्हा उघडायचं नाही, पळी घालायची नाही, चाखायचं नाही. शिजून उतरवेपर्यंत नाही. उघडलंस, की सगळं पाणी होईल."

फ्रोसो विचारात पडली. तयार तुर्लूचं भांडं मुठीत कसं मावणार? आणि मावलं असतं, तरी ते तिला नको होतं. आज परीने रांधलं, तर उद्या लाकीला कोण रांधून घालणार? तिला स्वतःच करायचं होतं.

"मला अक्रोडाच्या टरफलात मावेल एवढं तेल दे," ती म्हणाली. "फक्त माझ्या भाजीला पुरेपर्यंत ते संपता कामा नये."

परी खुदकन हसली. "चांगलीच हुशार आहेस की." फ्रोसोच्या मुठीत काहीतरी गार लागलं. उघडून पाहते तो अर्धं अक्रोड, आणि त्यात हिरवट सोनेरी तेल डुचमळत होतं.

"दुसरी इच्छा राखून ठेवते," फ्रोसो म्हणाली, आणि परी तिच्या खांद्यावर बसून घरात आली.

मग काय विचारता. फ्रोसोने बाह्या सरसावल्या. वांग्याच्या फोडी केल्या, बटाट्याच्या चकत्या केल्या, भेंडीची टोकं काढली. कांदा चिरताना ठरल्याप्रमाणे पोटभर रडून घेतलं. लाकीने लसूण सोलली, त्यातली निम्मी जमिनीवर सांडली. तांब्याच्या भांड्यात एकावर एक थर लागले, पांढरा, जांभळा, हिरवा, लाल. वरून कोथिंबिरीच्या जातीचा पाला चिरून भुरभुरला. तिने अक्रोड कलतं केलं तर तेलाची धार थांबेचना, आणि प्रत्येक फोड न्हाऊन निघाल्यावरच ती थांबली. सवयीने फ्रोसोचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. तिने तो मागे घेतला. आई भाज्या निवडताना म्हणायची, यांच्या पोटात पाणी असतंच, आपण कशाला पाजायचं. तेव्हा ते तिच्या नुसतं कानावरून गेलं होतं. आज ते मनात शिरलं.

तिने मिठाचा डबा काढला आणि परीकडे वळली. "आता दुसरी इच्छा सांगते. मला चिमूटभर आईच्या—"

तेवढ्यात दार उघडलं. आत्या आली होती. तिचा रुमाल सुटलेला, डोळे लाल. ती भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली.

"आत्या, काय झालं?"

"बंदराच्या कठड्यावर वाकले आणि गळ्यातून पडला," आत्या म्हणाली. तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माझ्या बाळाचा क्रूस. बाप्तिस्मा झाला, चर्चमध्ये नाव ठेवलं, त्या दिवशी घातला होता, चांदीचा, एवढासा. बाळ फार दिवस राहिलं नाही, पोरी. क्रूस राहिला होता. आता तोही समुद्राने नेला."

आत्याला कधी बाळ होतं, हे फ्रोसोला ठाऊकच नव्हतं. हातातला डबा चुलीशेजारी ठेवून ती आत्याजवळ गेली. आईच्या हातची चव, चिमूटभर, एवढंच तर मागायचं होतं तिला. ती मिळाली असती तर तुर्लू नक्की जमलं असतं, लाकी नक्की राहिला असता. आणि लाकीला घेऊन जाणारी हीच ती आत्या होती. फ्रोसोने लाकीकडे पाहिलं. तो आत्याच्या गुडघ्याला बिलगून तिचे डोळे पुसत होता.

"परी," फ्रोसो अगदी हळू म्हणाली, "आत्याचा क्रूस."

मुठीत काहीतरी ओलं लागलं, खारं, समुद्रासारखं. तिने मूठ आत्यापुढे उघडली. आत्याने क्रूस ओठांना लावला आणि परत गळ्यात घातला. कुठे मिळाला, कसा मिळाला, काही विचारलं नाही. डोळे पुसत ती बाहेर अंगणात जाऊन बसली.

फ्रोसोने पटकन भांड्यावर झाकण लावलं आणि ते चुलीवर चढवलं. फार उशीर झाला होता. आता हाताशी इच्छा नव्हती, आता फक्त ती होती आणि भांडं होतं.

पहिल्यांदा आतून काहीच ऐकू येईना. मग बुडबुड बुडबुड सुरू झालं. फ्रोसो झाकणाजवळ कान नेऊन बसली.

"ताई, जरासं उघड ना. मी एकाच डोळ्याने बघतो," लाकी म्हणाला.

"एकाही डोळ्याने नाही."

"करपलं तर?"

हा प्रश्न ऐकून तिचाही हात झाकणाकडे गेला. पळी समोरच टांगलेली होती. तिने ती उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. मग फडक्याने भांड्याचे दोन्ही कान धरले आणि पाळणा हलवावा तसं ते हळूच हलवलं. खालच्या भाज्या सुटल्या, आणि एकही फोड मोडली नाही. थोड्या थोड्या वेळाने ती भांडं हलवत राहिली. निखाऱ्यांच्या धगीने तोंड लाल झालं, घाम गळ्यापर्यंत आला. ती जागची हलली नाही.

हळूहळू आवाज बदलला. बुडबुड दाटसर झाली, मग विरळ झाली. सूर्य समुद्राला टेकता टेकता आतून अगदी बारीक चुर्र चुर्र ऐकू आलं. पाणी संपलं, आता नुसतं तेल बोलतंय, हे फ्रोसोला कुणी न सांगता कळलं. तिने भांडं उतरवलं.

आत्या ताटलीपुढे बसली. फ्रोसोने झाकण काढलं. वाफेचा ढग वर गेला आणि खाली सगळं झगझगत होतं. वांगी मऊशार, बटाटे सोनेरी, भेंडी अख्खीच्या अख्खी, आणि कडेने लालसर तेलाची झालर. पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता.

आत्याने पहिला घास घेतला. तिची भुवई किंचित वर गेली. आत्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. ताटली संपवून तिने परत वाढून घेतलं, पावाने कडेचं तेलही पुसून खाल्लं. लाकी तर केव्हाच दोन्ही हातांनी जेवायला लागला होता. मग आत्या उठली, दाराशी गेली, गाठोडं सोडलं आणि लाकीचे सदरे एकेक करून परत पेटीत ठेवले.

फ्रोसोला रडू कोसळलं. आनंदाने रडत रडतच तिने स्वतःसाठी ताटली वाढून घेतली. दिवसभर पोटात काही नव्हतं. तिने मोठा घास घेतला आणि चावता चावता ती थांबली.

तुर्लूत मीठच नव्हतं. मिठाचा डबा तसाच चुलीशेजारी होता, उघडा, भरलेला. त्या गडबडीत तो तिथेच राहिला होता.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "हे तर अळणी आहे."

"आहे खरं," आत्या म्हणाली.

"मग तू परत का वाढून घेतलंस? लाकीला का ठेवलंस?"

आत्याने गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवला. "मी दारात आले तेव्हा हा डबा तुझ्या हातात होता. मी पाहिलं होतं, पोरी. तो ठेवून तू माझ्याजवळ आलीस." ती जवळ बसली आणि तिने फ्रोसोचे धगीने लाल झालेले तळहात आपल्या मांडीवर घेतले. "माझ्या घरी मी एकटीच रांधते, एकटीच खाते. मीठ अगदी बरोबर पडतं, आणि घास काही गिळवत नाही. आजची संध्याकाळची बोट जाऊ दे. तुझे बाबा येईपर्यंत मी इथेच राहते. मीठ मी घालत जाईन, बाकीचं तू कर."

खिडकीत बसलेली चिमुकली परी हसली. तिचे पंख सोनेरी झाले, मग पिवळे, मग इतके लखलखीत पांढरे की फ्रोसोला डोळे मिटून घ्यावे लागले. उघडून पाहते तो खिडकीत परी नव्हती. नुसता उजेड होता, आणि तोही हळूच समुद्रावर उतरून गेला.

भांडं रिकामं झालं, गोष्टही संपली. ज्याच्या ताटलीत मीठ कमी असेल त्याने मागून घ्यावं.