सोपानमामाची मांडी

करंजवाडीत एक भोळा सोपान होता. तसे गावात सोपान तीन, पण भोळा म्हटलं की पोरंसोरंही याच्याच घराकडं बोट दाखवायची.

त्याच्या ताईच्या पोराचं जावळ दोनदा हुकलं होतं. जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात, आणि हा मामा एकदा भलत्याच गावाला पोचला, एकदा भलत्याच दिवशी. पोराच्या झिपऱ्या डोळ्यांत जायला लागल्या. न्हावी तयार, ताई तयार, मांडीचाच पत्ता नाही. तेवढ्यात गावातले निवृत्त ड्रिल मास्तर सायकलवरून कन्याकुमारीला निघाले. ताईचं कोकणातलं गाव चौथ्या दिवशी वाटेतच लागत होतं.

आई म्हणाली, "मास्तर, याला बरोबर न्या. आणि सोपान्या, मास्तर शिकवतील ते डोक्यात ठेव. या खेपेला मुहूर्त हुकला तर ताई तुझं तोंड बघायची नाही."

"ठेवतो की," सोपान म्हणाला. आणि ठेवलं हो त्यानं. तिथंच सगळा घोळ झाला.

पहिल्या मुक्कामाला मास्तरांनी त्याला तंबू उभा करायला सांगितला. त्यानं केला. खुंट्या तेवढ्या पिशवीत राहू दिल्या. कोऱ्या करकरीत खुंट्या मातीत कशाला घालायच्या? वारा सुटला आणि तंबू उसाच्या फडात जाऊन पडला.

"अरे शहाण्या!" मास्तर ओरडले. "काहीही उभं केलंस की चारी बाजूंनी खुंट्या मारायच्या आणि आवळून बांधायचं!"

"एवढंच ना? ठेवलं डोक्यात."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीमागं सायकली उभ्या केल्या. मास्तर पुढं चहा पीत होते, सोपान मागं खुंट्या मारत होता. चहा संपला. मास्तरांनी रुबाबात टांग टाकली, पायडलवर सगळा जोर दिला. सायकल जागच्या जागी राहिली आणि मास्तर एकटेच पुढं गेले. पुढं उकिरडा होता.

"अरे, मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट गोष्ट सांगायची पण एक रीत असते, गाढवा! आधी धीर द्यावा. मन घट्ट करा म्हणावं. मग हळूच सांगावं."

"ठेवलं डोक्यात."

तिसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. मास्तर पुढं, सोपान मागं. पहिल्याच वळणावर मास्तरांच्या सायकलवरून शिध्याची पिशवी सुटून पडली.

"मास्तर, मन घट्ट करा!"

"का रे?"

"माणसानं खचू नये. देवाच्या मर्जीपुढं कुणाचं चालतं?"

मास्तरांना वाटलं, पोरगा घाटाला घाबरलाय. "भिऊ नकोस, मी आहे!" असं म्हणत ते सुसाट खाली गेले. पायथ्याला पोचल्यावर सोपाननं पिशवीचं हळूच सांगितलं. मग दोघं सायकली ढकलत अख्खा घाट परत चढले.

पिशवी मिळाली, पण मिठाची पुडी फुटली होती. संध्याकाळी सोपाननं खिचडी केली. मीठ नाही म्हणून काय झालं? मास्तरांच्या पिशवीत तसलीच पांढरी पूड होती. मास्तरांनी दोन घास खाल्ले आणि तोंडाला फेस आला. पूड धुण्याच्या सोड्याची होती.

"अरे कर्मा! दुसऱ्याला काही द्यायच्या आधी आपण स्वतःवर करून बघावं!"

"हे भारी आहे मास्तर. ठेवलं डोक्यात."

चौथ्या दिवशी सकाळी ताईचं गाव दिसायला लागलं आणि मास्तरांच्या पोटात कळ आली. पाण्याचा डबा घेऊन ते ओढ्याकडं पळाले. "तू हो पुढं! मुहूर्त दहाचा आहे!"

सोपान नऊलाच गावात. जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी! वडाखाली न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता.

"कुणासाठी हो?"

"सावंतांच्या नातवाचं जावळ आहे."

सावंत म्हणजे ताईचे सासरे. आपल्या भाच्याचं ते कोवळं डोकं, आणि हा एवढा वस्तरा! "आधी माझ्यावर चालवा," तो म्हणाला.

"दाढी?"

"डोकं, मिशी, सगळं काढा."

न्हाव्याचा हात थांबला. असल्या वेळी माणसाला काही विचारू नये. तो नुसता दोनदा हळहळला आणि कामाला लागला.

ताई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तुळतुळीत डोक्याचा, बिनमिशीचा भाऊ बघितला आणि तिच्या हातातून ताट पडलं.

"गेली रेऽ! आपली आई गेली!"

सोपान चपापला. त्याला तर कुणीच कळवलं नव्हतं. पण ताई थोरली, शिकलेली. ती उगीच कशाला म्हणेल? त्यानंही भोकाड पसरलं. "मी निघालो तेव्हा धडधाकट होती गं!"

गाव गोळा झाला. चुलीवरची पुरणाची कढई उतरवली. न्हाव्यानं पेटी मिटली. "सुतकात कसलं जावळ?" म्हणाला आणि गेला. दहाचे अकरा झाले. पोरगं झिपऱ्या सांभाळत मामाच्या मांडीवर बसून त्याच्या टकलावर तबला वाजवत होतं.

एवढ्यात ताईचा फोन वाजला. ताई उठायच्या अवस्थेत नव्हती, म्हणून सोपाननं घेतला.

"सोपान्या, पोचलास का बाळा? झालं का जावळ?"

आईचा आवाज! सोपाननं डोळे पुसले. वाईट गोष्ट सांगायची रीत त्याला आठवली.

"आई, आधी मन घट्ट कर."

"का रे? काय झालं?"

"माणसानं खचू नये. देवाच्या मर्जीपुढं कुणाचं चालतं?"

"अरे मेल्या, लवकर सांग, माझा जीव चाललाय इथं!"

"तेच तर हळूच सांगतोय," सोपाननं हंबरडा फोडला. "तू गेलीस, आई!"