ठुमकीचं दूध आणि अंगणातली तार

कोण एक? करडू एक.
अंग पांढरं, कान काळे, शेपूट एवढुशी. नाव ठुमकी. चालायची कशी? ठुमुक ठुमुक, ठुमुक ठुमुक.

काल वादळ आलं. सूंऽऽ सूंऽऽ! धाड् धाड्! सगुणाकाकीने इवल्याशा ठुमकीला घरात घेतलं आणि पोत्यावर निजवलं. ठुमकीची आई कबरी राहिली पलीकडे, गोठ्यात.

सकाळ झाली. ठुमकीच्या पोटात गुडगुड झाली.
"म्यें! दूध!"
ठुमकी धावली दाराकडे. बघते तर काय? अंगणात तार! विजेची तार! खांबावरून तुटली आणि अंगणात आडवी पडली. अलीकडे ठुमकी. पलीकडे आई. मध्ये तार.

तार हलत नव्हती. बोलत नव्हती.
"झोपलीय वाटतं," ठुमकी म्हणाली. "मारते उडी!"
"थांब गं बये!" काकीने तिला गपकन धरलं. "झोपलेली तारसुद्धा चावते. अंगण ओलं आहे. ओली मातीसुद्धा चावते. खाली पाय टाकायचा नाही!"
"मग काठीने ढकल ना!"
"काठीने नाही. बांबूने नाही. कश्शाने नाही."

गोठ्यातून कबरी ओरडली, "बेंऽऽ!"
ठुमकी रडकुंडीला आली.
"काकी, काकी, दार उघड ना!
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे! आधी दौलतमामाला तार उचलू दे, मगच मी गोठ्याचं दार उघडीन."

दौलतमामा म्हणजे गावचा वायरमन. पण त्याला कळवणार कसं? वादळात काकीचा फोन मुका झाला होता. आणि काकीला तर हलताच येईना. ती बसली उंबऱ्यात, राखण करत. कोंबडी आली, हाकलली. कुत्रा आला, हाकलला.
"तूच जा ठुमके. मागच्या दाराने जा. आणि तारेपासून लांब लांब!"

ठुमुक ठुमुक निघाली ठुमकी. तारेपासून लांब लांब.

चावडीपाशी भेटला दौलतमामा. पायात मोठे बूट, हातात रबरी मोजे, खांद्यावर दोर.
"मामा, मामा, तार उचल ना!
काकी दार उघडीना,
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे! आधी मालनताईला वीज थांबवू दे, मगच मी तार उचलीन. आणि तशी चिठ्ठी आण, तिच्या सहीची. तोंडी सांगितलेलं मला चालत नाही हं!"

ठुमुक ठुमुक निघाली ठुमकी. तारेपासून लांब लांब.

माळावर होतं वीजघर. आत बसली होती मालनताई. तिच्यासमोर दांडेच दांडे.
"ताई, ताई, वीज थांबव ना!
मामा तार उचलीना,
काकी दार उघडीना,
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे! एवढे दांडे, त्यातला ओढू कुठला? भलताच ओढला तर तार तशीच चावरी राहील. आधी खांबाला नंबर दाखवू दे, मगच मी वीज थांबवीन."

ठुमुक ठुमुक निघाली ठुमकी. तारेपासून लांब लांब.

खांब उभा होता वाकडा होऊन. कुंईऽ कुंईऽ करत होता. ठुमकी जवळ गेली का? मुळीच नाही! ती थांबली शेताच्या बांधावर. तिथूनच ओरडली.
"खांबा, खांबा, नंबर दाखव ना!
ताई वीज थांबवीना,
मामा तार उचलीना,
काकी दार उघडीना,
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे! नंबर माझ्या छातीवर. छातीवर बसलंय केळीचं पान. ओलंचिंब, चिकटून बसलंय. आधी पानाला उडू दे, मगच मी नंबर दाखवीन."

ठुमकी बांधावरून हलली नाही. मान उंच केली आणि पुन्हा ओरडली.
"पाना, पाना, उड ना!
खांब नंबर दाखवीना,
ताई वीज थांबवीना,
मामा तार उचलीना,
काकी दार उघडीना,
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे! मला का पंख आहेत? आधी वाऱ्याला फुंकू दे, मगच मी उडीन."

वारा! कुठे गेला हा वारा? काल तर नुसता धिंगाणा घालत होता. आज सगळीकडे चिडीचूप.

ठुमुक ठुमुक निघाली ठुमकी. पाय दुखले. पोट खपाटीला गेलं. ओढ्याकाठी बांबूचं बेट होतं. त्या बेटात वारा बसला होता, तोंड लपवून.

"वाऱ्या, वाऱ्या, फुंक ना!
पान जागचं उडेना,
खांब नंबर दाखवीना,
ताई वीज थांबवीना,
मामा तार उचलीना,
काकी दार उघडीना,
ठुमकीला दूध मिळेना!"
"छे छे छे!" वारा म्हणाला. "मी नाही फुंकणार. मी फुंकलं की मोडतं. कौलं मोडली. फांदी मोडली. तार तुटली. सगळे म्हणतात, मेला वारा!"

ठुमकीला त्याचा भारी राग आला होता. तिच्या अंगणातली तार यानेच तर पाडली! पण वाऱ्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून तिचा राग निम्मा झाला.
"मग हळू फुंक," ती म्हणाली. "काकी गरम चहावर फुंकते ना, तेवढंच."
"तेवढं मला येत नाही."
"करून तर बघ. माझ्या कानावर फुंक."

वाऱ्याने गाल फुगवले. फूंऽऽऽ!
ठुमकी कोलांटी घेऊन पडली चिखलात. थप्प!
"एवढं नाही रे!"
वाऱ्याने गाल थोडे कमी फुगवले. फूंऽऽ!
ठुमकी बुडावर बसली. थप्प!
"अजून हळू!"
वाऱ्याने ओठांचा चंबू केला. फूऽ.
ठुमकीचा काळा कान हलला. नुसता कानच हलला.
"तेवढंच! अगदी तेवढंच!"

मग काय! वारा उठला. गेला खांबाकडे. ठुमकी थांबली बांधावर. वाऱ्याने ओठांचा चंबू केला.
फूऽ.
पान उडालं, सुळ्ळकन!
खांबाने नंबर दाखवला. केवढा मोठा! पाच!
ठुमकीला आकडे पाचापर्यंतच येत होते. सहा असता तर पंचाईतच होती.

"पाच, पाच, पाच, पाच!" ठुमकी पळत सुटली वीजघराकडे.
मालनताईने पाचवा दांडा ओढला. खट्टाक्! वीज थांबली. दांड्याला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. वर लाल पाटी लावली, "माणूस कामावर आहे. हात लावू नका." मग चिठ्ठी लिहिली, सही केली आणि ठुमकीच्या गळ्यात बांधली.
"सांभाळून ने हं. हिच्याशिवाय मामा तारेला शिवायचा नाही."

निघाली ठुमकी. गळ्यात चिठ्ठी. कागद कसा मऊ मऊ! वास कसा छान छान! पोटात गुडगुड, आणि कागद अगदी तोंडाशी.
ठुमकीने चिठ्ठी हुंगली.
ठुमकीने चिठ्ठी चाटली.
मग... कुरुम्!
"अगं बाई!" ठुमकी जागच्या जागी थिजली. चिठ्ठी संपली तर मामा तार उचलणार नाही. मामा तार उचलणार नाही, तर आई भेटणार नाही! तिने तोंड घट्ट मिटलं. मान उंच केली. आणि धूम पळाली, थेट चावडीपर्यंत.

दौलतमामाने चिठ्ठी वाचली. उलटी केली. सुलटी केली.
"ठुमके, वरचा कोपरा कुठे गेला?"
ठुमकी आभाळाकडे बघू लागली.
"बरं बरं," मामा हसला. "सही जागेवर आहे. चल!"

मामाने बूट आवळले. मोजे चढवले. तारेत वीज आहे का, ते आधी तपासलं. नाही. पुन्हा तपासलं. नाहीच! मग मामाने तार उचलली, गोल गोल गुंडाळली.
"सगुणे, आता अंगण मोकळं!"
काकी उंबऱ्यावरून उठली. गोठ्याचं दार उघडलं. करऽऽर्र!

वाऱ्याने हळूच फुंकलं,
पान सुळ्ळकन उडालं,
खांबाने नंबर दाखवला,
ताईने वीज थांबवली,
मामाने तार उचलली,
काकीने दार उघडलं,
ठुमकीला दूध मिळालं!

चुटूचुटू, चुटूचुटू. कबरीने तिला हुंगलं. कानावरचा चिखल चाटून काढला. कबरीला वाटलं, कुठे गेली असेल माझी बाय सकाळपासून?
ठुमकीला आईला सगळं सांगायचं होतं. वाऱ्याचं सांगायचं होतं. पाचाचं सांगायचं होतं. चिठ्ठीच्या कोपऱ्याचंही, अगदी हळूच. पण सांगणार कशी? तोंडात दूध!
म्हणून मग तुम्हाला मी सांगितलं.