तुतीचा घास आणि अफ्रोजचा हेवा

अफ्रोजच्या ओढणीला तीन ठिगळं होती आणि मनात एक भलामोठा हेवा. ओढणी अम्मीची होती, हेवा मात्र तिचा स्वतःचा! मोहल्ल्यातल्या साऱ्या बायका तिच्या मैत्रिणीचं, तहसीनचं कौतुक करायच्या. तेरा वर्षांची पोर, पण रमजानचे सगळे रोजे धरते! रोजे तर अफ्रोजही धरत होती. दोघींनी मिळूनच ठरवलं होतं ना! पण चंदेरी टिकल्यांचा हिरवागार झगा तहसीनकडे होता, म्हणून तीच सगळ्यांना दिसायची. अफ्रोजचा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दुपारी बागेत खेळता खेळता तहसीनने जांभळी जांभळी तुती तोडून तोंडात टाकली, गिळलीसुद्धा. आणि मग तिचे डोळेच विस्फारले.

"अगं, रोजा होता माझा! विसरलेच. तुटला बघ. आता उद्यापासून धरतच नाही. जमतच नाही मला!"

ती रडत घरी निघाली. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, हे अम्मीने अफ्रोजला सांगितलं होतं. पण ती गप्प बसली. बरं झालं, असंच तिला वाटलं.

तेवढ्यात पानाआडून गुलाबी पंखांची इवलीशी परी उतरली.

"स्वतः तहानलेली असूनही तू पाखरांच्या वाटीत पाणी भरतेस. एक वर माग. पण अट आहे. जिचा हेवा वाटतो, तिला आधी काहीतरी द्यायचं. तुझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही, असं. तेही सूर्य बुडायच्या आत."

"तिच्याकडे सगळंच आहे! मी काय देणार?" अफ्रोज फणकारली. मग तिला आठवलं, आणि फार लाज वाटली. ती धावत सुटली.

तहसीन आपल्या घरात, हातात सरबताचा पेला घेऊन उभी होती.

"थांब! विसरून खाल्लंस, म्हणजे तुझा रोजा आहे. अल्लानेच तुला भरवलं, असं अम्मी म्हणते. मला माहीत होतं गं. मुद्दाम सांगितलं नाही. तुझं कौतुक मला बघवत नाही."

तहसीनने पेला खाली ठेवला. रागाने तिचं नाक लाल झालं होतं.

"हेवा तर मला तुझा वाटतो," ती म्हणाली. "मला असं सांगणारं घरात कोणी नाही. सगळे झगाच बघतात."

खिडकीत सोनेरी झगमगाट झाला. "आता माग," परी म्हणाली.

अफ्रोजने झगाच मागायचं ठरवलं होतं. पण तोंडून निघालं, "मोठ्या झालो तरी आमचे रोजे चुकू देऊ नकोस."

"ते मला देता येत नाही, राणी. ते तुमचं तुम्हालाच करायचंय." परीने ओढणीवर हलकेच फुंकर घातली. ठिगळांची निळी, केशरी, रुपेरी फुलं झाली आणि परी उजेडात विरून गेली.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. तहसीनने अफ्रोजच्या हातावर खजूर ठेवला.

"उद्या पहाटे सहरीच्या जेवणाला मला उठवायला येशील?"

"येईन," अफ्रोज म्हणाली. "आणि मी आले नाही, तर तू ये."