नदीची वाट

एका राज्यात, ज्याच्या उंच माळावर ढग वाट चुकूनच यायचा, तिथे नदी एक आणि राजा एक. खळखळाट राजाचाच जास्त.

त्या राजाच्या घरची नवी सून मंदारी सासरी निघाली. सीमेवर पालखी थांबली. नदी लागली की तिची ओटी भरायची, ही रीत. मंदारी खण-नारळ घेऊन उतरली. पुढे नुसता पांढरा, सरळ रस्ता.

"नदी कुठे?"

"आपण जिच्यावर उभ्या आहात, तीच," भोई मान खाली घालून म्हणाला.

तिचे तळपाय गार पडले. धुळीखाली काहीतरी तडफडत होते. तेवढ्यात तिचा नवरा, युवराज, घोड्यावरून उतरला, रस्त्यावर पाय टेकले, आणि घोट्यापर्यंत दगड झाला.

"हलता येत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. मंदारीच्या हातातला नारळ सुटला.

कडेला टिटवी बसली होती. ती बोलली, "दुष्काळात राजाने कालजिव्ह मांत्रिकाला आज्ञा केली, 'नदीची वाट करा.' पाणी शेतांकडे न्यायचे होते. मांत्रिकाने नदीचीच वाट करून टाकली. कोंडलेली नदी राजाचे रक्त ओळखते, आणि त्या रक्ताचे कुणी आजवर इथे पायी उतरले नव्हते. दगड छातीशी पोचला की युवराज संपला."

"उपाय?"

"वाटेवरची चाके थांबव. पात्रातले नांगर उठव. राजाचा शब्द फिरव."

मंदारी शालूनिशी वाटेत आडवी बसली. नव्या नवरीवरून गाडी कोण नेणार? चाके थांबली. दगड गुडघ्याशी आला.

वाटेच्या कडेला पात्रात नांगरणारे शेतकरी अडून बसले. "सूनबाई, बाजरी काय आभाळात पेरू?"

"वरच्या अंगाला पेरा. इथली वाहून जाईल."

"कशाने?" त्यांतला एक म्हातारा हसला. मग त्याने युवराजाकडे पाहिले आणि बैल सोडले. दगड कमरेशी आला.

खबर मिळताच राजा आला, लेकाला पाहून पालखीतच थिजला. तरी म्हणाला, "राजाचा शब्द फिरत नाही."

"फिरवू नका, मामंजी. तोच बोला. फक्त 'ची' काढा आणि 'ला' लावा."

"एवढ्याने?"

"झालेही एवढ्यानेच होते."

राजाचा चेहरा राखेसारखा झाला. ओठ कसेबसे हलले. "नदीला वाट करा."

कालजिव्ह हवेतून प्रकटला, लवला. "मी शब्दाचा चाकर. दुरुस्तीचीच वाट पाहत होतो, महाराज."

सगळे काठावर सरले, आणि रस्ता उसवला. पाणी भिंतीसारखे उठले आणि युवराजाच्या डोक्यावरून गेले.

मग खालच्या वळणावर तो उभा राहिला, आपल्या पायांवर. म्हणाला, "पाणी फार गार आहे." मंदारीने खण पाण्यात सोडून नदीची ओटी भरली.

तेव्हापासून तिथे रस्ता माळाच्या कण्याने जातो, नदी तळाने, शेते मधून. आणि आज्ञा देण्याआधी राजा सुनेकडे पाहतो. पाणी जसे त्यांच्या वाट्याला आले, तसे ऐकणाऱ्यांच्याही येवो.