रायाजीरावांची अट आणि गोजरेच्या शेगड्या

"नळांतून नवा वायू सोडा, पण त्यापायी एकाही घरची पेटती चूल विझता कामा नये!"

सागवेढ्याच्या रायाजीराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि नळखात्याचे मुख्य अभियंते त्र्यंबकपंत लगबगीनं पुढे आले.

सागवेढ्यात घरोघरी नळानं नैसर्गिक वायू येत असे. पण जमिनीतला साठा आता आटत चालला होता. म्हणून पंतांनी राजवाड्यामागे पाण्यापासून हायड्रोजन करायचा कारखाना उभारला. हा नवा वायू त्याच जुन्या नळांतून न्यायचा होता. तो भारी हलका, बारीकशा फटीतूनही पसार होणारा! पंतांनी गल्लीन् गल्ली फिरून जोड तपासले, कच्चे नळ बदलले. आता शेवटचंच काम उरलं होतं आणि तिथंच महाराज आडवे आले.

"महाराज," पंत हात जोडून म्हणाले, "जुना वायू काढून नळ आतून साफ करायचे, मग घरोघरी शेगड्यांचे बर्नर बदलायचे. त्याला अख्खा दिवस लागणार. तेवढा दिवस तरी वायू बंद ठेवावाच लागेल!"

"आणि लोकांच्या पेटत्या चुली विझणार? रायाजीरावाच्या राज्यात? छे! जमत नसेल तर पागोटं उतरवून ठेवा आणि सीमेपार चालते व्हा. नळही बुजवून टाकतो. लोक फुंकतील पुन्हा लाकडं!"

तेवढ्यात ताकाचा गडू घेऊन गोजरा आत आली. ही मुदपाकखान्यात पोळ्या लाटायची. पुन्हा लाकडं फुंकायची हे ऐकून तिच्या डोळ्यांसमोर आईचे धुरानं लाल झालेले डोळे उभे राहिले. तिनं गडू ठेवला, पण पाऊल काही हलेना.

"काय गं? ताक दिलंस ना?"

"दिलं, महाराज. एक विचारू? चूल विझायला आधी ती पेटलेली हवी ना?"

"हा काय प्रश्न झाला? हवीच!"

"मग त्या दिवशी गावात कोणी पेटवलीच नाही तर?"

"आणि लोकांनी खायचं काय? वारा?"

"तुमच्या घरचं जेवण!" गोजरा म्हणाली. "अख्ख्या गावाला चूलबंद आवतण द्या की! आदल्या रात्री जेवणं झाली की घरोघरी शेगड्या बंद होतातच. सकाळी कोणी पेटवणार नाही. लहानथोर सगळे दोन्ही वेळा राजवाड्यावर जेवतील. पंतांचं काम होईल आणि चूल एकाचीही विझणार नाही!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे अट मी घालायची आणि गावजेवणही मीच घालायचं?"

"अट पंतांची असती, तर त्यांच्या घरी गेलो असतो जेवायला!"

महाराज हार मानणारे नव्हते. "ठीक आहे! पण ऐक. जेवण गरमागरम हवं आणि गावात लाकडाचा धूर दिसायला नको. अन् माझ्या मुदपाकखान्यातली एक शेगडी जरी विझलेली दिसली, तरी पंतांबरोबर तूही सीमेपार!"

गोजरेनं पंतांकडे पाहिलं. पंत हळूच म्हणाले, "भिऊ नकोस. कारखान्यातून निघणारा पहिला नळ मुदपाकखान्यातच येतो. तिथल्या शेगड्या आदल्या रात्रीच नव्या वायूवर करून देतो. एकच सांगतो, या वायूची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. हात जपा!"

आवतणाच्या दिवशी सागवेढ्यातल्या आयाबाया उशिरा उठल्या, डोक्यात फुलं माळून निवांत निघाल्या. इकडे पंतांची माणसं घरोघरी बर्नर बदलत होती. मुदपाकखान्याच्या अंगणात शेगड्यांची रांग लागली होती. ऊन रणरणत होतं. पातेली रटरटत होती.

भर दुपारी महाराज आले. रांगेच्या टोकाच्या शेगडीवर भांडं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. ज्योत नाही, धूर नाही, काहीच नाही!

"सापडलीस!" महाराजांनी टाळी वाजवली. "पंतांना बोलवा! ही शेगडी विझलेली आहे! अट मोडली!"

पंगतीतले घास हातातच थांबले. गोजरेनं मात्र शांतपणे हात पुसले.

"विझलेली आहे म्हणता?"

"राजाचे डोळे खोटं पाहत नाहीत!"

"मग महाराज," गोजरा अदबीनं म्हणाली, "जरा वाकून मिशी धरा बघू तिच्यावर!"

महाराज ऐटीत वाकू लागले. हा माणूस खरंच मिशी जाळून घेतोय, हे पाहून गोजरेनंच पटकन चिमट्यानं एक पापड मधे धरला. पापड तडतडला, फुगला, कडेनं करपला! महाराज टुणकन मागे उडाले आणि दोन्ही हातांनी मिशी चाचपू लागले.

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग महाराजच जे हसत सुटले, ते पोट धरून खांबाला टेकेपर्यंत!

"हरलो गं पोरी, हरलो!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं. "आणखी माग!"

"आम्ही रांधणारे सगळ्यांच्या शेवटी बसतो. तेव्हा वाढायला कुणी उरत नाही. आज तुम्ही वाढा!"

रांधणाऱ्यांची पंगत बसली, तशी महाराजांनी शेला कमरेला खोचला आणि भाताची परात उचलली. पंगत अर्ध्यावर आली, तोच त्र्यंबकपंत काळे झालेले हात घेऊन धापा टाकत आले.

"महाराज! शेवटच्या घरचीसुद्धा शेगडी नव्या वायूवर..."

"आधी हात धुवा आणि बसा!" महाराज गरजले. "अहो, भात निवतोय! वरण घट्ट हवं की पातळ?"