स्क्रिप्टला वाहिलेलं फूल

एका गावात श्रीरंग नावाचा एक प्रोग्रॅमर राहत होता. गावच्या डेअरीतलं दूध थंड करायचं यंत्र त्याच्या स्क्रिप्टवर चाले. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला ओळीने लिहून दिलेल्या आज्ञा. यंत्र आपलं जुनं, साधी इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखणारं.

खंडेनवमी आली. यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. श्रीरंगला वाटलं, आपलं हत्यार म्हणजे स्क्रिप्ट, तीच का पूजेवाचून राहावी? त्याने युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या जगभरच्या अक्षरा-चिन्हांच्या, खजिन्यातून एक छानसं फूल शोधलं आणि पहिल्याच आज्ञेच्या पुढे वाहिलं. चालवून बघायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. शहाणाच तो!

दसऱ्याच्या सकाळी यंत्र त्या फुलापाशीच अडलं. टाकीतलं दूध नासलं. ऐन सणाला सगळं ओतून द्यावं लागलं.

डेअरीचे अध्यक्ष खवळले. यंत्रावर देखरेख करणाऱ्या यमुनाबाईंना म्हणाले, "सकाळी यंत्र सुरू करायचं बटण दाबायला विसरलात ना? उद्यापासून येऊ नका."

"दाबलं होतं हो, साहेब!" यमुनाबाई रडकुंडीला आल्या. पण ऐकतो कोण?

श्रीरंगला बोलावणं गेलं. त्याने स्क्रिप्ट उघडली आणि बिघाडाचं मूळ ते फूलच, हे ओळखलं. त्याने ते गुपचूप पुसून टाकलं. यंत्र घरघरू लागलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली, आणि हा चक्क हसला. अशा वेळी माणसाला हसू येतं तरी कसं, देव जाणे.

यमुनाबाई जेवणाचा डबा उचलून निघाल्या होत्या. दाराशी थांबून त्यांनी श्रीरंगच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "बरं झालं आलात, भाऊ. माझ्यापायी तुम्हाला सणासुदीचा त्रास."

श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पान त्याला हातात धरवेना. मान खाली घालून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईंनी बटण दाबलं होतं. यंत्र माझ्या हौसेपायी, मी स्क्रिप्टला वाहिलेल्या फुलापायी अडलं. आणि ते मी आत्ता तुमच्यादेखत लपवलं."

अध्यक्षांनी यमुनाबाईंची माफी मागितली. त्यांचा डबा स्वतः आत नेऊन ठेवला.

यमुनाबाई श्रीरंगला एवढंच म्हणाल्या, "फूल वाहिलंत त्याचा राग नाही, भाऊ. पण ते काढलंत, तेव्हा मी तिथंच उभी होते, तरी तुम्ही खरं बोलला नाहीत."



तात्पर्य: आपली चूक गुपचूप पुसली, तरी तिचा आळ दुसऱ्याच्या माथी राहतो. तो आपल्याच तोंडाने उतरवावा लागतो, आणि तोही वेळेवर.