धुळाप्पाची कललेली जीप

कुसळवाडीत धुळाप्पा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळी माणसं काय, सगळ्याच गावांत असतात. पण कुसळवाडीच्या भोळ्या माणसाकडे जीप होती.

गावाला एसटी येत नव्हती. तालुक्याला जायचं तर धुळाप्पाचीच जीप. गाडी तो चांगली चालवायचा. वेळेवर यायचा. कुणाशी भांडायचा नाही. खोड म्हणाल तर एकच, सांगितलेलं ऐकायचा. सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तस्संच. शिवाय एकदा शिकलेला धडा तो वाया जाऊ देत नसे. ज्या कामासाठी शिकवला ते काम होऊन गेलं असेल, तर पुढच्या कामाला वापरायचा.

गावाच्या चढाला मोठमोठे धोंडे होते. जीपचा सायलेन्सर रोज त्यांवर घासायचा. शेवटी धुळाप्पा तालुक्याला इलाही मिस्त्रींच्या गॅरेजात गेला आणि म्हणाला, "मिस्त्री, गाडी उंच करा."

मिस्त्रींनी चारी चाकांवरचे जुने दबलेले कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, काढले. नवे, उंच पाटे बसवले. जीप चांगली चार बोटं वर आली. धुळाप्पा रुबाबात गावात शिरला. सगळं गाव बघायला आलं. सरपंच रत्नाबाईही आल्या. त्यांनी गाडी पुढून बघितली, मागून बघितली.

"उंच झाली खरी," त्या म्हणाल्या. "पण धुळाप्पा, ही एक खांदा पाडून का उभी हाय?"

खरंच. जीप उजवीकडे दोन बोटं कलली होती.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसलेली माणसं हळूहळू उजवीकडे घसरायला लागली. उजवीकडे ड्रायव्हर. तालुका येईपर्यंत धुळाप्पाच्या अंगावर तीन माणसं आणि कोंबड्यांची एक पाटी आलेली असायची. आठ दिवसांत निम्मं गाव पायी जायला लागलं. धुळाप्पाला फार वाईट वाटलं. जेवणावरची वासना उडाली. जेवायला बसला तरी तो उजवीकडे झुकलेला.

बायको चंपाबाई म्हणाली, "अहो, मिस्त्रींना फोन तरी करा. आमटी ताटाबाहेर चाललीय."

त्यानं फोन केला.

मिस्त्री म्हणाले, "घाबरू नको. आधी गाडी सपाट जागेवर उभी कर आणि बघ. उतारावर कुठलीही गाडी कललेलीच दिसती."

धुळाप्पा सपाट जागा शोधायला निघाला. कुसळवाडी सगळी टेकाडावर. अंगण कललेलं, देवळापुढचा पार कललेला. हिंडता हिंडता त्याला समाजमंदिरापुढची नवी फरशी दिसली. आरशासारखी सपाट. गवंड्यानं ती तासाभरापूर्वीच सिमेंट ओतून घोटली होती आणि तो भाकरी खायला गेला होता.

धुळाप्पानं जीप बरोबर मधोमध उभी केली. चारी चाकं वीतभर आत गेली.

रत्नाबाई धावत आल्या. "अरे, डोळं हायती का न्हाईत? पुढं ओलं दिसलं की थांबावं. वाळल्याबिगर गाडी घालू नये!"

"बरं, सरपंचबाई," धुळाप्पा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलंच त्यानं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. जीपमध्ये शाळेच्या वाघमोडेबाई होत्या, चार भाजीवाल्या होत्या, दह्याची मडकी घेतलेल्या दोघीजणी होत्या. वाटेत पाण्याची पाइपलाइन गळत होती आणि रस्त्यावर ओल आली होती. धुळाप्पानं ब्रेक दाबला. गाडी बंद केली. हाताची घडी घातली.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली.

"मामा, काय झालं?" वाघमोडेबाईंनी विचारलं.

"ओलं हाय, बाई. वाळलं की निघू."

ती पाइपलाइन दोन वर्षं गळत होती. भाज्या सुकायला लागल्या. दही पार आंबलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाघमोडेबाईंचा धीर सुटला.

"अहो मामा, असं थांबतात का? रस्ता मोकळा दिसला की सरळ निघायचं! कुणासाठी थांबायचं नाही!"

"असं होय," धुळाप्पा म्हणाला. "मला वेगळंच सांगितलं होतं."

तो निघाला. बाजार झाला. सगळ्या जणी पिशव्या भरून स्टँडवर यायला लागल्या. तेवढ्यात धुळाप्पानं समोर बघितलं. रस्ता अगदी मोकळा होता. तो सरळ निघाला. वाघमोडेबाई हाका मारत धावत होत्या, ते त्याला आरशात दिसत होतं. पण कुणासाठी थांबायचं नाही हे बाईंनीच सांगितलेलं. बाई आपलीच परीक्षा घेतायत, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी जरा जोरात सोडली.

तिन्हीसांजेला सगळ्या जणी डोक्यावर पिशव्या घेऊन चालत गावात आल्या. सगळ्यांत पुढे वाघमोडेबाई. धुळाप्पानं त्यांना हात जोडले. "बाई, थांबलो न्हाई बघा."

बाईंना बोलायलाही दम नव्हता. एवढंच म्हणाल्या, "मामा, सगळी माणसं गाडीत बसल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही."

इकडे जीप कललेलीच होती. मिस्त्रींचा फोन आला.

"हवा बघितली का? चारी चाकांत हवा सारखी पाहिजे. एकात कमी असली की गाडी त्या अंगाला बसती."

हवा बघायची म्हणजे काहीतरी करायचंच. म्हणून धुळाप्पानं आधी गावात फिरून माणसं गोळा केली. "चला, बसा," म्हणाला. अकराजण बसले. कुठे जायचंय हे कुणीच विचारलं नाही, कारण गाडी आहे म्हटल्यावर कुठेतरी जाणारच. मग तो खाली उतरला आणि एकेक चाक दाबून बघायला लागला. उजवीकडच्या पुढच्या चाकात हवा जवळजवळ नव्हतीच.

धुळाप्पाला आनंद झाला. रोग सापडला! सारखी हवा पाहिजे. त्यानं उरलेल्या तिन्ही चाकांची हवा सोडून दिली. फुस्स, फुस्स, फुस्स. अकराजण वरून बघत होते. एकेका फुस्सला थोडेथोडे खाली येत होते.

त्यानं फोन लावला. "मिस्त्री, हवा सारखी झाली. कुठल्याच चाकात न्हाई."

मिस्त्री पलीकडून ओरडले,

"धुळाप्पा, चारीत सारखी म्हणजे भरलेली रे बाबा! भरून घे आणि गाडी परत बघ."

गावातल्या सायकलच्या पंपानं चारी चाकं भरायला दोन दिवस लागले. अकराजणांपैकी आठजणांनी पंप मारला. उरलेल्या तिघांनी त्यांना पंप कसा मारायचा ते सांगितलं. चाकं टणक झाली. जीप उजवीकडे कललेलीच.

आता मिस्त्रींनी डोकं खाजवलं. ते फोनवर म्हणाले, "मग पाट्यांचंच काहीतरी असणार. मला वाटतंय उजवं-डावं उलटं झालंय. उजवीकडचं डावीकडं घालायला लागंल आणि डावीकडचं उजवीकडं."

"एवढंच होय?" धुळाप्पा म्हणाला. "ते मीच करतो की."

त्यानं जीप सुरू केली, पुढे नेली, वळवली आणि दारात उलट्या तोंडानं उभी केली. आधी गाडीची उजवी बाजू गोठ्याकडे होती. आता डावी बाजू गोठ्याकडे आली. आधी गाडी गोठ्याकडे कलत होती, आता विहिरीकडे कलली.

तो चंपाबाईला म्हणाला, "बघ. गोठ्याकडं कलायची गेली का न्हाई?"

चंपाबाईनं जीपकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग स्वतःच मिस्त्रींना फोन केला. "भाऊ, तुमी स्वतः या. ह्यांना फोनवर काय बी सांगू नका. पाया पडते."

इलाही मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून आले. गाडीखाली निजले. लगेच बाहेर आले. पाट्यांवर त्यांनीच खडूनं खुणा केल्या होत्या. उजव्यावर 'उ' आणि डाव्यावर 'डा'. जीपच्या उजव्या बाजूला 'डा' बसला होता.

"ड्रायव्हरच्या अंगाचा पाटा जाड असतो," मिस्त्री म्हणाले. "तो तिकडं गेलाय आणि पातळ इकडं आलाय. धुळाप्पा, त्या दिवशी पाटे गाडीजवळ मांडताना मी तुला काय सांगितलं होतं? उजवा उजवीकडं ठेव, डावा डावीकडं ठेव."

"तसंच ठेवलं की."

"कुठं?"

"माझ्या उजवीकडं. मी गाडीच्या पुढं, गाडीकडं तोंड करून उभा होतो."

मिस्त्रींनी पाना उचलला. धुळाप्पानं चुकीच्या बाजूला ठेवले खरे, पण खुणा न बघता ते बसवले होते मिस्त्रींनीच. त्यांनी तो विषय पुढे वाढवला नाही.

दिवसभर खपून त्यांनी पाटे बदलले. गाडी जमिनीवर उतरवली, चार हिसके दिले आणि मग बोल्ट आवळले. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला. उजवीकडे जेवढं, तेवढंच डावीकडे. एका रेघेचाही फरक नाही.

धुळाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी तो सरळ उभा राहिला. वाघमोडेबाईही येऊन बघून गेल्या. "मामा, उद्यापासून येते मी," म्हणाल्या.

मिस्त्रींनी स्वतः गाडी चालवून बघितली, आणून दारात उभी केली, हँडब्रेक ओढला. मग हत्यारं पेटीत भरता भरता ते बोट रोखून म्हणाले, "हे बघ धुळाप्पा. गाडी आता सरळ हाय. आता काय बी झालं तरी हिला हात लावायचा न्हाई. तू लावायचा न्हाई आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा न्हाई. काय वाटलं तर मला फोन करायचा."

"न्हाई लावत," धुळाप्पा म्हणाला.

मिस्त्री गेले. धुळाप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीजवळ उभा राहिला.

त्या जीपचा हँडब्रेक नावापुरता होता. मिस्त्रींना ते ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होतं. धुळाप्पा गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचा. आज दगड बाजूला पडला होता. अंगणापुढे उतार, आणि उताराच्या शेवटी गावतळं.

जीप जराशी हलली.

चंपाबाई ओरडली, "अहो, दगड लावा!"

"हात लावायचा न्हाई."

"दगड लावायचाय, हात न्हाई!"

"दगड हातानंच धरायचा की न्हाई?" धुळाप्पा म्हणाला. चंपाबाई दगड घेऊन धावली तशी त्यानं तिला अडवलं. "तूबी न्हाई. दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा न्हाई म्हणालेत."

जीप निघाली. आधी चालत, मग पळत. वाटेत रत्नाबाई होत्या. "धरा, धरा!" म्हणून त्या ओरडल्या. चार माणसं धरायला पुढे आली. धुळाप्पा जीपच्या बाजूनं धावत त्यांना बाजूला सारत होता. "सरका! कुणी हात लावू नका! मिस्त्रींचं सांगणं हाय!" माणसं सरकली. जीप त्यांच्यामधून गेली, तळ्यात डुंबत बसलेल्या म्हशींच्या कळपात शिरली आणि दिव्यांपर्यंत पाण्यात जाऊन थांबली. म्हशींनी माना वळवून बघितलं आणि परत रवंथ करायला लागल्या.

काठावर सगळं गाव गोळा झालं. रत्नाबाईंनी कपाळाला हात लावला. चंपाबाई दगड घेऊन मटकन खाली बसली.

धुळाप्पानं डोळे बारीक करून जीपकडे बघितलं. पुढून बघितलं. काठाकाठानं फिरून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग फोन लावला.

"मिस्त्री, कुणी हात लावला न्हाई."

"शाब्बास!" मिस्त्री म्हणाले. "गाडी कशी उभी हाय?"

"एकदम सरळ," धुळाप्पा म्हणाला. "टेपसुद्धा लावायला नको. चारी अंगांनी पाणी सारखं लागलंय."